माळ घालायची घाई करू नकोस

माउली, देव आहे की नाही हे ठरल्याशिवाय वारीला कसं यायचं, असं तू विचारलंस. ये तसाच. दिंडीत तुझा विश्वास कोणी तपासत नाही. भिशीचे, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाच्या खर्चाचे, पैसे वेळेवर दे, म्हणजे झालं.

तुळशीची माळ मात्र लगेच घालू नकोस. ती घातली की मांस-मच्छी सुटते, एकादशी धरावी लागते. भारावून घातलेली माळ चार महिन्यांत खुंटीला टांगलेली मी पाहिली आहे, आणि मग माणूस लाजेनं वारीच सोडतो. मी स्वतः सातव्या वर्षी घातली. मधली दोन वर्षं तर आलोच नाही. धाकटा भाऊ गेला होता, हरिपाठ तोंडात येईना. परतलो तेव्हा विणेकऱ्यानं एवढंच विचारलं, "जेवलास का?"

शंका आली म्हणून तू वाया गेलास असं नाही. १६३० च्या दुष्काळात बायको-मुलगा गमावलेले तुकोबा विठ्ठलाशी उघड भांडले, त्याला नाही नाही ते बोलले. तेच आपण टाळ कुटत गातो.

पुणे ते सासवड हा टप्पा लांब आहे, त्यात दिवे घाट. तिथे देवापेक्षा पायाच्या फोडांचा विचार जास्त येतो. नवे बूट अजिबात आणू नकोस.