‘फ्लॅट शूटिंग’ काडतूस मराठीत कसं म्हणायचं? सपाट, सरळ, पल्ला आणि टप्पा

कोथरूडच्या एका अनुवादक ताईंनी विचारलंय. अमेरिकेतल्या शेतांवर आणि गुरांच्या कुरणांवर जी शिकार चालते त्यावरचा एक लेख त्या मराठीत आणतायत आणि त्यात वाक्य आलंय की .२२-२५० हे ‘लाँग रेंज वार्मिंट हंटिंग’साठी चांगलं ‘फ्लॅट शूटिंग कार्ट्रिज’ आहे. त्यांचा पहिला खर्डा असा होता: ‘.२२ ते .२५० ही लांब पल्ल्याच्या कीटक-शिकारीसाठी सपाट गोळीबार करणारी काडतुसे आहेत.’ हे वाचताना खटकतंय पण नेमकं काय खटकतंय ते सापडत नाही, असं त्यांचं म्हणणं. ताई, तुम्ही थांबून विचारलंत हे फार बरं केलंत, कारण या एका वाक्यात चारपाच शब्द असे आहेत की ज्यांच्यासाठी मराठीत चांगला माल पडून आहे आणि आपण तो वापरत नाही.

आधी काडतूस. हा शब्द पोर्तुगीज ‘कार्तुशु’वरून आला असं मानतात, म्हणजे चावी, पगार, तुरुंग, घमेलं, लिलाव ज्या वाटेनं आले त्याच वाटेनं. काडतूस म्हणजे अख्खी वस्तू: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. माझे मामा खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीत होते (१८६९ पासूनचा कारखाना आहे तो), त्यांच्या तोंडी याला कायम ‘राउंड’ असायचं, पोलीस आणि लष्करातले लोकही ‘पाच राउंड फायर केले’ असंच म्हणतात. पेपरात मात्र ‘गावठी कट्टा व दोन जिवंत काडतुसे जप्त’ आणि घटनास्थळी सापडतात त्या ‘रिकाम्या पुंगळ्या’. ‘जिवंत’ हे विशेषण मला फार आवडतं, अजून बार व्हायचाय एवढं सगळं त्या एका शब्दात येतं.

आता मुद्दा असा की बार झाल्यावर उडून जाते ती गोळी, काडतूस नाही, पुंगळी तर मागेच राहते. इंग्रजीत कार्ट्रिजला बिनदिक्कत ‘फ्लॅट शूटिंग’ म्हणतात, चालतं त्यांना, पण मराठीत ‘सपाट गोळीबार करणारे काडतूस’ म्हटलं की काडतूसच बंदूक घेऊन उभं आहे असं वाटतं, आणि ‘गोळीबार’ला तर आपल्याकडे जमाव, पोलीस, मोर्चा असा वास आहे, एकट्या शिकाऱ्यानं नेम धरून मारलेल्या गोळीला कुणी गोळीबार म्हणत नाही. आपण म्हणतो ‘बार काढला’, ‘गोळी झाडली’. मग मराठी ढब अशी होते: ‘ज्याची गोळी लांबवर जवळजवळ सरळ जाते असं काडतूस’. थोडं लांबलं तरी चालेल, जो-तो-ची वाक्यं हे मराठीचं बळ आहे, त्यांना घाबरू नका.

पण सरळ की सपाट? इथे वस्तू काय आहे ते समजून घेतलं पाहिजे. कुठलीच गोळी खरंतर सरळ जात नाही, नळीतून सुटल्या क्षणापासून ती खाली यायला लागते, दगडासारखीच. फरक पडतो तो वेळेचा. .२२-२५० ची ५५ ग्रेनची (ग्रेन हे वजनाचं माप, खाली येईलच) गोळी सेकंदाला ११०० मीटरच्या वर वेगानं सुटते आणि हवेनं मंदावत मंदावत ३०० मीटर जायला तिला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो, तेवढ्या वेळात कुठलीही वस्तू अर्धा मीटरच्या आसपास खाली येते. आता आपल्या बालेवाडीला नेमबाजीची मुलं जी छोटी .२२ वापरतात तिची गोळी ३३० मीटर वगैरे वेगानं सुटते, म्हणजे तिला तेवढाच वेळ १०० मीटर जायलाच लागतो, म्हणून जेवढी खाली ही छोटी गोळी १०० मीटरवर येते तेवढी .२२-२५० ची ३०० वर येते! फ्लॅट म्हणजे एवढंच. गोळी खाली यायच्या आत पोचते.

शिकाऱ्याला याचा उपयोग काय, तर समोरचं जनावर वीतभर रुंदीचंही नसतं आणि ते २०० यार्डांवर आहे की २५० वर हे डोळ्याला नक्की सांगता येत नाही. २०० यार्डांवर नेम जुळवून ठेवला तर (म्हणजे नळी नेमाच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते) या काडतुसाची गोळी १०० वर साधारण दीड इंच वर लागते आणि ३०० वर सहाएक इंच खाली, म्हणजे बऱ्याच मोठ्या अंतरापर्यंत फार हिशोब न करता सरळ जनावरावरच नेम धरता येतो. हल्ली लेझरनं अंतर मोजायची यंत्रं आली त्यामुळं ही गरज कमी झालीये, आणि वारा गोळीला आडवं ढकलतो ते वेगळंच, हलकी गोळी तर जास्तच ढकलली जाते. म्हणून ‘सरळ’ हा शब्द इथे फक्त वर-खालीपुरता खरा आहे हे लेखात एकदा सांगून टाका.

‘सपाट’ मला का नको? सपाट हे पृष्ठभागाचं विशेषण आहे, सपाट माळ, सपाट छप्पर. वाटेला, रेषेला आपण सपाट म्हणत नाही. आणि ‘फ्लॅट’ तसाच ठेवला तर पुण्यातल्या वाचकाच्या डोळ्यासमोर आधी टू बीएचके येतो. शास्त्रातला शब्द हवा असेल तर गोळीच्या मार्गाला शाळेत ‘अन्वस्त’ शिकलोय आपण, म्हणजे ‘चपट्या अन्वस्ताची गोळी’ म्हणता येईल, पण ते लेखात जड होईल. माझी निवड ‘सरळ माऱ्याचं काडतूस’. याला आधारही आहे, मराठीत उंच कमान करून गोळा टाकणाऱ्या तोफेला ‘उखळी तोफ’ म्हणतातच, तर उखळी मारा आणि सरळ मारा ही जोडी ऐकणाऱ्याला न सांगता कळते.

आता माझ्या सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग. रेंज. तुम्ही ‘लांब पल्ल्याची शिकार’ केलंत. पल्ला हा हत्याराचा असतो, तोफेचा पल्ला, रायफलचा पल्ला, कुठवर पोचेल ते. किंवा प्रवासाचा, स्वारगेटवरून सुटणारी लांब पल्ल्याची एसटी. त्यामुळं ‘लांब पल्ल्याची शिकार’ वाचून शिकारी लांब कुठेतरी चार दिवसांसाठी निघालाय असंच वाटतं. शिकाऱ्याच्या बाजूनं बोलायचं तर आपला शब्द टप्पा आहे. ‘सावज टप्प्यात आलं’ हे आपण राजकारणात, लग्नाच्या बोलण्यातसुद्धा वापरतो आणि विसरलोय की तो बंदुकीचा, धनुष्याचा शब्द आहे. रायफलचा पल्ला दोन किलोमीटर असेल पण टप्पा तीनशे मीटरच, कारण त्यापलीकडे नेम राहत नाही. इंग्रजीत दोन्हीला रेंज, आणि आपल्याकडे दोन वेगळे शब्द असताना ते एकात कोंबायचे ही मला खरंच हळहळ वाटायला लावणारी गोष्ट आहे. शिकारीसाठी नुसतं ‘लांबून केलेली शिकार’ पुरे.

वार्मिंट. हा ‘व्हर्मिन’चाच बोलीतला उच्चार, मुळात लॅटिनमधला किड्याचा शब्द, म्हणून कोश बघून तुमचा ‘कीटक’ झाला असणार. पण अमेरिकेतल्या शेतकऱ्याला त्यात प्रेरी डॉग, ग्राउंडहॉग, कायोटी अशी जनावरं अभिप्रेत आहेत. यातला प्रेरी डॉग कुत्रा नाही हं, बिळात राहणारी खारीच्या कुळातली आहे ती, ग्राउंडहॉगही त्याच कुळातला, आणि कायोटी आपल्या कोल्ह्याच्या जवळचा. आपल्या कायद्याच्या मराठीत ‘उपद्रवी प्राणी’ म्हणतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात त्यांची वेगळी अनुसूचीच होती, कावळे, वटवाघळं, उंदीर वगैरे, ती २०२२ च्या दुरुस्तीत गेली. शेतकरी मात्र ‘डुकरांनी नासधूस केली’, ‘रोह्यांचा त्रास’ असं बोलतो, जनावराच्या जातीपेक्षा ते काय करतं ते सांगतो. म्हणून पहिल्यांदा ‘पिकाची, कुरणाची नासधूस करणारी जनावरं’ असं फोडून लिहा आणि पुढे ‘उपद्रवी जनावरं’.

आकड्यांचं मात्र सांभाळा. .२२-२५० मधली रेघ ‘ते’ नाही, हे एकाच काडतुसाचं नाव आहे. २२ म्हणजे इंचाच्या शतांशात गोळीची जाडी (मोजली तर .२२४ भरते), आणि २५० आलं ते जुन्या .२५० सॅव्हेज काडतुसावरून, त्याचीच पुंगळी तोंडाशी आवळून हे बनवलं. हौशी लोक १९३० च्या दशकापासून घरी बनवत होते, रेमिंग्टननं १९६५ मध्ये ते कारखान्यात घेतलं. आणि प्रत्येक नावातली रेघ वेगळी बरं का, .३०-०६ मधले ०६ हे १९०६ साल आहे. त्यामुळं नावं भाषांतरित करू नका, आकडे देवनागरीत आणि रेघ तशीच.

ग्रेनलाही ‘दाणा’ करू नका. वजन आहे ते, आणि आपल्याला परकं नाही, ब्रिटिशांनी तोळा ठरवला तो बरोबर १८० ग्रेनचा. म्हणजे ५५ ग्रेनची गोळी साडेतीन ग्रॅमची, त्या जुन्या तोळ्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. अशी एक ओळ घातलीत तर वाचकाच्या तळहातावर ती गोळी येईल.

तर वाक्य मी असं लिहीन: ‘नासधूस करणारी छोटी जनावरं लांबून टिपायची तर .२२-२५० चांगलं, सरळ माऱ्याचं काडतूस आहे, त्याची गोळी तीनशे यार्डांपर्यंत फारशी खाली येत नाही.’ ‘टिपणे’ मुद्दाम घेतलंय, त्यात नेम आणि लहान लक्ष्य दोन्ही येतात.

आणि तुम्ही खाली जाता जाता विचारलंय की .२२० स्विफ्टबद्दल ‘बर्न्स बॅरल्स’ आहे त्याचं ‘नळ्या जाळते’ करू का. नको. १९३५ चं हे काडतूस, ४८ ग्रेनची गोळी सेकंदाला ४११० फूट वेगानं जाते अशी त्याची जाहिरात होती, पण त्यासाठी एवढी दारू एवढ्याशा भोकातून पेटत जाते की नळीचा सुरुवातीचा भाग तापून तापून खरवडला जातो. आपण म्हणू ‘नळी लवकर झिजवतं’.