लेक निघाली ट्रॉम्सोला

प्रश्न : मुलगी पीएचडी करतेय, जानेवारीअखेर तिची टीम नॉर्वेत ट्रॉम्सोला आर्क्टिक फ्रंटियर्स कॉन्फरन्सला चाललीय. तिथे सूर्यच उगवत नाही म्हणे, शिवाय पांढरी अस्वलं! जीव टांगणीला लागलाय.

उत्तर : ताई, अस्वलं विसरा, ती पार समुद्रापलीकडे, नॉर्वेच्याच स्वालबार्ड बेटांवर. ट्रॉम्सो ६९ अंश उत्तरेला असलं तरी अटलांटिकचा कोमट प्रवाह किनाऱ्याला लागून जातो, त्यामुळे जानेवारीत साधारण उणे ४च्या आसपास, आपलं लेह याहून गार. खरी भानगड पायाखाली, बर्फ वितळून परत गोठतो नि फुटपाथची नुसती काच होते, म्हणून तिथले आजी-आजोबासुद्धा बुटांना खिळ्यांचे रबरी पट्टे अडकवून फिरतात, तेच घ्यायला सांगा, तिथेच मिळतात. सूर्य २१ जानेवारीच्या सुमारास परत येतो, तेव्हा गावभर गोड बन खातात (मला आपली संक्रांतच आठवली). कॉन्फरन्समध्ये लावायचं संशोधनाचं पोस्टर कापडावर छापा, घडी घालून बॅगेत जातं, कागदी पोस्टरची नळी विमानात विसरणारे चिक्कार पाहिलेत. आणि पुढे स्वालबार्डला भारताच्या हिमाद्री संशोधन स्टेशनवर जायचं असेल तर व्हिसा डबल एंट्रीचाच काढा, स्वालबार्ड शेंगेनमध्ये (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात) येत नाही, त्यामुळे परतताना पुन्हा प्रवेश करावा लागतो नि पंचाईत होते.