जर्सी राहू दे, तो फोटो आधी काढून टाक

ताई, मी कोल्हापूरचा. दीड वर्षापूर्वी अमेरिकेत आलो, मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात एमएस करतोय. आलो तेव्हा बास्केटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पहिला हिवाळा फार वाईट गेला, कुणाशी बोलावं हेच समजेना. मग रूममेट्स मला मॅचला घेऊन गेले आणि आम्हा पाच जणांचं घरच झालं. आमच्या टीमचा एक खेळाडू फ्री थ्रोच्या आधी चेंडू तीनदा आपटतो, तेव्हा आम्हीही तीनदा पाय आपटतो. पैसे साठवून मी त्याच्या नंबरची जर्सी घेतली. गेल्या महिन्यात त्याच्यावर एका मुलीवर लैंगिक अत्याचार केल्याचा गुन्हा दाखल झाला. सध्या तो निलंबित आहे. आमच्या ग्रुपवर त्या मुलीचा फोटो फिरतोय, खाली नको नको ते लिहिलंय. मी काही लिहिलं नाही, पण एकदा हसण्याचा इमोजी टाकला. दुसऱ्या दिवशी ती जर्सी घालूनच लॅबमध्ये गेलो. तिथे नागपूरची एक सीनियर आहे, मी आल्यापासून तिनेच मला सांभाळून घेतलंय. तिने जर्सीकडे पाहिलं आणि त्या दिवसापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष असतो ना? मग मी त्याच्या बाजूने उभा राहिलो यात चुकलं कुठे? जर्सी टाकून देऊ का? मॅचला जाणं बंद करू?

प्रिय कोल्हापूरकर,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. तू प्रश्न विचारलेस जर्सीचे आणि मॅचचे, पण माझं मन अडकलं ते त्या इमोजीपाशी. तू तो सांगितला नसतास तर मला कळलाही नसता. सांगितलास, म्हणजे तो तुला टोचतोय. तिथूनच सुरुवात करू.

तो फोटो आज, हे वाचून होताच, फोनमधून काढून टाक. तुझा इमोजीही काढ. मग ग्रुपवर दोन ओळी लिही: ‘त्या मुलीचा फोटो इथे नको. ज्याने टाकलाय त्याने काढावा.’ याहून जास्त काही लिहू नकोस, वादात पडू नकोस. तो फोटो त्याच मुलीचा आहे हे तरी तुमच्यापैकी कुणाला नक्की माहीत आहे? असल्या फोटोंखाली भलत्याच मुलीचं आयुष्य चिरडलं जाऊ शकतं. आणि फोटो तिचाच असेल, तर ते आणखी वाईट.

तू ज्या देशात वाढलास तिथे बलात्काराची तक्रार करणाऱ्या बाईची ओळख उघड करणं हा गुन्हा आहे. पूर्वी ते भारतीय दंड संहितेचं कलम २२८ अ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७२ आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत. अमेरिकेत असा सरसकट कायदा नाही, तिथली वर्तमानपत्रं आपणहून नाव छापायचं टाळतात. पण शिक्षणात लिंगभेदाला मनाई करणारा १९७२ चा टायटल नाइन नावाचा कायदा तुझ्या विद्यापीठाला लागू आहे, आणि त्याखाली तक्रार करणाऱ्याला धमकावणं, छळणं, तिच्यावर सूड उगवणं याला मनाई आहे. तू विद्यार्थी व्हिसावर आहेस. शिस्तभंगाच्या चौकशीत प्रवेश गेला तर व्हिसाही धोक्यात येतो. फोटो काढायला सांगतेय तो मात्र व्हिसासाठी नाही. हा कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं, कारण ती मुलगी तुझ्याच कॅम्पसवर राहत असेल, आणि फोन वाजला की दचकत असेल.

आता तुझा मुख्य प्रश्न. गुन्हा सिद्ध होईपर्यंत माणूस निर्दोष, हे तत्त्व मला प्राणापलीकडे महत्त्वाचं वाटतं. पण ते काय सांगतं ते नीट बघ. सरकारजवळ पोलीस आहेत, वकील आहेत, तुरुंग आहे. एवढी ताकद एका माणसावर चालून जाते, म्हणून कायदा सरकारला म्हणतो, सिद्ध तू कर. गुन्हा दाखल करायला ‘असं घडलं असावं’ असं मानण्याजोगं कारण पुरतं. दोषी ठरवायला मात्र वाजवी शंका उरता कामा नये, आणि ज्युरीतल्या प्रत्येकाचं त्यावर एकमत व्हावं लागतं. म्हणून आज तो आरोपी आहे, गुन्हेगार नाही. टीममधून बाहेर ठेवलं म्हणजे दोषी ठरवलं, असंही नाही. इथपर्यंत तू बरोबर आहेस.

पण तुमच्या ग्रुपवर तिला काय काय म्हटलं जातंय? खोटारडी, पैशासाठी करणारी, असंच ना? अरे, खोटी तक्रार करणं हासुद्धा गुन्हाच आहे. मग तो सिद्ध होईपर्यंत तिलाही निर्दोष धरायला नको? एकाला निर्दोष मानायचं तर दुसरीला खोटं ठरवावंच लागतं, असं कायद्यात कुठेही नाही. हा तराजू आपण प्रेक्षक आपल्या मनात उभा करतो, आणि एका पारड्यात आपला लाडका आधीच बसलेला असतो.

प्रेक्षक किती चुकतात याची दोन उदाहरणं देते, दोन्ही टोकांची. २००६ च्या मार्चमध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाच्या लॅक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा खेळ) टीममधल्या मुलांवर बलात्काराचा आरोप झाला. लोक त्यांच्या घरासमोर भांडीकुंडी बडवत जमले. कोचला जावं लागलं, राहिलेला सीझन रद्द झाला, तीन मुलांवर खटला भरला गेला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये राज्याचे ॲटर्नी जनरल रॉय कूपर यांनी सगळे आरोप मागे घेतले आणि हे तिघे निर्दोष आहेत असं स्पष्ट शब्दांत जाहीर केलं. खटला रेटणारे सरकारी वकील माइक नायफाँग यांची सनद गेली. तक्रार करणाऱ्या बाईने आपण खोटं बोललो हे २०२४ च्या डिसेंबरमध्ये स्वतःच्या तोंडाने कबूल केलं. अठरा वर्षं गेली मधे.

आता स्टॅनफर्ड. जानेवारी २०१५. ब्रॉक टर्नर हा तिथला पोहणारा. शुद्धीत नसलेल्या मुलीबरोबर तो जमिनीवर होता. सायकलवरून जाणाऱ्या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी पाहिलं, तो पळाला तेव्हा त्यांनी पाठलाग करून त्याला धरून ठेवलं. २०१६ मध्ये ज्युरीने त्याला तीन गुन्ह्यांत दोषी ठरवलं. न्यायाधीशांनी सहा महिन्यांची कैद दिली, त्यातले तीनच महिने त्याने भोगले. पुढे २०१८ मध्ये मतदारांनी त्या न्यायाधीशांनाच मतदानाने पदावरून काढलं. त्या मुलीने कोर्टात वाचलेलं निवेदन पुढे लाखो लोकांनी वाचलं. त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. आपल्यावर नेमकं काय घडलं हे तिला एका बातमीतून कळलं, आणि त्याच बातमीच्या शेवटी त्याच्या पोहण्याच्या वेळा छापल्या होत्या. तो किती सेकंदांत किती अंतर कापतो, ते.

भांडी बडवणाऱ्यांना त्या मुलांची काहीच माहिती नव्हती. पोहण्याच्या वेळा सांगणाऱ्यांना त्या रात्रीची नव्हती. तुला त्या खेळाडूची काय माहिती आहे? फ्री थ्रोआधी तो चेंडू तीनदा आपटतो, एवढी. ती माहिती खरी आहे, तुझं त्याच्यावरचं प्रेमही खरं आहे. पण त्या रात्री काय झालं हे त्यातून कळत नाही.

तुझ्या प्रकरणाच्या खूपच जवळचं एक प्रकरण आहे. इलिनॉय विद्यापीठाचा बास्केटबॉलपटू टेरेन्स शॅनन ज्युनियर. डिसेंबर २०२३ मध्ये कॅन्ससमध्ये त्याच्यावर बलात्काराचा गुन्हा दाखल झाला, विद्यापीठाने निलंबित केलं. तो फेडरल कोर्टात गेला, जानेवारीत न्यायाधीशांनी निलंबन थांबवलं आणि तो पुन्हा खेळला. घरच्या मैदानावर टाळ्यांचा कडकडाट झाला. बाहेरच्या मैदानांवर समोरच्या टीमच्या पोरांनी त्याच आरोपावरून घोषणा दिल्या. टीम देशातल्या शेवटच्या आठांत पोहोचली. जून २०२४ मध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं आणि त्याच महिन्यात एनबीए या व्यावसायिक लीगमधल्या एका टीमने त्याला घेतलं. निकाल लागला, तो मी मानते.

पण त्या मधल्या सहा महिन्यांतलं स्टेडियम डोळ्यांसमोर आण. टाळ्या वाजवणाऱ्यांना निकाल माहीत नव्हता. घोषणा देणाऱ्यांनाही नव्हता. आणि घोषणा देणाऱ्यांना त्या मुलीची कणव होती असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना त्याचा नेम चुकवायचा होता. एका बाजूने आपल्या जिंकण्यासाठी तिला विसरायचं, दुसऱ्या बाजूने आपल्या जिंकण्यासाठी तिला वापरायचं. टीव्हीसमोर ती बसली असेल तर तिला दोन्हीकडचा आवाज सारखाच ऐकू आला असेल. याची मला चीड येते, आणि तुलाही यावी.

जर्सीबद्दल. टाकून देऊ नकोस, जाळू तर मुळीच नकोस. ते करणं म्हणजे तूच निकाल देणं. घडी घालून बॅगेत तळाशी ठेव आणि निकाल लागेपर्यंत घालू नकोस.

माझा धाकटा भाऊ कुस्तीवेडा. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सुशीलकुमारने रौप्यपदक जिंकलं तेव्हाचं कात्रण त्याने लोखंडी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं. सेलोटेप पिवळी पडली, तरी ते तिथेच. २०२१ च्या मे महिन्यात दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये झालेल्या मारहाणीनंतर एक तरुण पैलवान मेला आणि त्या प्रकरणात सुशीलकुमारला अटक झाली. आमच्या गावच्या तालमीत संध्याकाळी तोच विषय. ‘याला अडकवलंय’, ‘आता देशाचं पदक गेलं’, ‘वकील कोण दिलाय?’ भाऊ बराच वेळ गप्प होता. मग त्याने विचारलं, ‘मेला त्या पोराचं नाव काय रे?’ कुणालाच सांगता येईना. पंधरा-वीस माणसं, सगळी लाल मातीत वाढलेली. शेवटी एकाने मोबाइलवर शोधलं. सागर धनखड. भाऊ घरी आला, त्याने ते कात्रण काढलं नाही, पण पुन्हा कुणाला कौतुकाने दाखवलंही नाही. सुशीलकुमारवरचा आरोप आजही आरोपच समजतो तो. फक्त बोलणं निघालं की सागरचं नाव आधी घेतो.

तुझ्या बाबतीत त्या मुलीचं नाव कुणी घ्यायचं नाहीये, उलट झाकून ठेवायचं आहे. पण ती आहे, हे तरी लक्षात ठेवायला हरकत नाही.

मॅचला जा. टीममध्ये इतरही पोरं आहेत, त्यांनी काही केलेलं नाही. त्याच्या नावाच्या घोषणा सुरू झाल्या तर खाली बसून राहा. दहा हजारांत एक जण बसलेला कुणाला दिसणार नाही, दिसला नाही तरी चालेल. आणि केसबद्दल वाचायचंच असेल तर कोर्टात दाखल झालेले कागद आणि तिथल्या स्थानिक वर्तमानपत्राचा कोर्टातला बातमीदार वाच. फॅन मंडळींचे तर्क वाचू नकोस, ते तुझी भूक भागवणार नाहीत, फक्त वाढवतील.

मला वाटतं तुझी खरी धास्ती वेगळीच आहे. त्या खेळाडूपेक्षा तुला ती शनिवारची संध्याकाळ गमवायची नाहीये. पाच जणांनी एका कुकरला लावलेला डाळ-भात, मग कोट चढवून बर्फातून स्टेडियमपर्यंत चालत जाणं. परदेशात पहिला हिवाळा एकट्याने काढलेल्या माणसाला ते सोडवत नाही, हे मी समजू शकते. म्हणून ग्रुप सोड असं मी सांगत नाही. दोन ओळी लिहून थांब आणि रात्री त्यांच्यासोबतच जेव. पाचांतला एखादा तरी उद्या स्वयंपाकघरात कांदा चिरताना हळूच म्हणेल की मलाही ते पटत नव्हतं. नाहीच म्हणालं कुणी, थट्टा झाली, तर पुढचा हिवाळा जड जाईल. तेव्हा मला लिही, मी उत्तर देईन.

राहिली तुझी सीनियर. तिच्यावर काय गुदरलंय याचे अंदाज बांधू नकोस आणि ‘तुला एवढं का लागलं’ असं चुकूनही विचारू नकोस. कदाचित तिच्या मागे काही असेल, कदाचित नसेल. रात्री उशिरा लॅबमधून एकटीने पार्किंगपर्यंत चालत जाणाऱ्या कुठल्याही मुलीला ती जर्सी त्या दिवशी जड वाटली असती. ती एकटी असेल तेव्हा उभ्या उभ्या एवढंच सांग: ‘त्या दिवशी मी ती जर्सी घालून यायला नको होतं. ग्रुपवर त्या मुलीचा फोटो फिरत होता, त्यावर मी हसलोही होतो. ते चुकलं. फोटो काढायला सांगितलाय.’ ‘पण’ हा शब्द घालू नकोस. तो दोषी की निर्दोष याची चर्चा तिच्याशी करू नकोस. ती ऐकून नुसती मान डोलावेल, कदाचित तेवढंही करणार नाही. पुन्हा पुन्हा माफी मागून तिला समजूत घालायला लावू नकोस. दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला लॅबमध्ये जा, साध्या शर्टात, आणि तिला हाताखाली जे काम लागेल ते कर.

तुझी,
ताई