तापमान 10 अंशांनी वाढवल्यावर रासायनिक अभिक्रियेचा दर दुप्पट का होतो?

25 वरून 35 अंश सेल्सिअसपर्यंत तापवल्याने रेणूंचा सरासरी वेग दोन टक्क्यांनीही वाढत नाही, मग अभिक्रियेचा दर दुप्पट कसा होतो, ही तुमची शंका रास्त आहे. तापमान वाढले की रेणूंच्या टकरी वाढतात, हे नेहमीचे उत्तर खोटे नसले तरी फार अपुरे आहे, कारण टकरींची संख्याही साधारण तेवढीच वाढते.

खरे कारण टकरींच्या जोरात आहे. जुने बंध तुटून नवे जुळण्यासाठी आदळणाऱ्या रेणूंकडे किमान काही ऊर्जा असावी लागते. तिला सक्रियण ऊर्जा म्हणतात. एवढी ऊर्जा फारच थोड्या रेणूंकडे असते, पण तापमान जरासे वाढताच त्यांचे प्रमाण झपाट्याने वाढते. स्वीडिश रसायनशास्त्रज्ञ स्वान्ते अर्‍हेनियस यांनी 1889 मध्ये मांडलेल्या, दर आणि तापमान यांचा संबंध सांगणाऱ्या सूत्रात सक्रियण ऊर्जा मोलमागे 53 किलोज्यूल धरली, तर या 10 अंशांत दर दुप्पट होतो. ती 100 किलोज्यूल असेल, तर सुमारे 3.7 पट होतो. म्हणून दुपटीचा नियम हा केवळ ढोबळ आडाखा आहे आणि तो नियम म्हणून पाठ करून घेणे मला पटत नाही.

प्रत्यक्ष पाहण्यासाठी मी विद्यार्थ्यांना सोडिअम थायोसल्फेटचा प्रयोग सुचवतो. कागदावर फुली काढून तिच्यावर द्रावणाचे शंकुपात्र ठेवायचे आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्ल ओतताच घड्याळ लावायचे. गंधकाचे बारीक कण सुटून द्रावण गढूळ, पिवळसर होत जाते आणि वरून पाहताना फुली दिसेनाशी होते. द्रावण कोमट असेल तर ती लवकर झाकली जाते, पाणी घालून संहती (द्रावणातील पदार्थाचे प्रमाण) कमी केली तर उशिरा. (सल्फर डायऑक्साइडही सुटतो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात.) संहतीच्या बाबतीत मात्र टकरींची संख्या हेच कारण पुरेसे आहे, आणि पृष्ठभागाच्या बाबतीतही: शहाबादी (चुनखडीच्या) फरशीच्या तुकड्यापेक्षा तिचा चुरा आम्लात जोराने फसफसतो, तो आम्लाला अधिक पृष्ठभाग मिळाल्यामुळे.

उत्प्रेरक, म्हणजे स्वतः खर्ची न पडता अभिक्रियेचा दर वाढवणारा पदार्थ, रेणूंची ऊर्जा वाढवत नाही, तर कमी सक्रियण ऊर्जेचा वेगळा मार्ग उपलब्ध करून देतो. हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये कच्च्या बटाट्याची फोड टाकली की त्यातील कॅटालेज या विकरामुळे (एन्झाइम, म्हणजे सजीवांतील उत्प्रेरक) लगेच ऑक्सिजनचे बुडबुडे येतात. तीच फोड उकडून टाकली तर ते येत नाहीत, कारण उष्णतेने विकराची रचना मोडलेली असते; त्यामुळे विकरांच्या अभिक्रियांत ठरावीक मर्यादेपलीकडे तापवल्यास दर वाढण्याऐवजी घटतो.