पहिला लॅटेक्सचा साचा घेताना

काँक्रीटच्या मूर्ती ओतायला लॅटेक्सचा, म्हणजे लवचीक रबराचा, पहिला साचा घेताना मोठ्या मूर्तीच्या मोहात पडू नकोस. वीतभर उंचीचं कासव किंवा बेडूक घे. लॅटेक्स ताणलं जातं, त्यामुळे खाचाखोचांतूनही साचा मोज्यासारखा उलटून निघतो. पण बारीक मान, सुटे कान असलेला नमुना सध्या नको. काढताना काँक्रीटच तुटतं.

साचा हातात घेऊन उजेडासमोर धर. कुठे जास्त उजेड आरपार दिसला तर तिथली भिंत पातळ आहे, ती आधी फाटणार. साधारण ३ मिलिमीटर जाडी हवीच. तोंडाला रुंद काठ आहे ना, तेही बघ; साचा त्यावरच टांगला जातो. मोठ्या साच्याला बाहेरून प्लास्टरचं किंवा फायबरचं कवच लागतं, नाहीतर ओल्या काँक्रीटच्या वजनाने पोट सुटतं. माझं पहिलं कासव असंच फुगलं होतं, फार वाईट वाटलं. लहान साचा वाळूच्या बादलीत रोवलास तरी चालेल.

आणि एक, आतून तेल कधीही लावू नकोस, लॅटेक्स चिकट होऊन सडतं. साबणाचं पाणी पुरतं. वापरून झाला की धू, सावलीत वाळव, टाल्कम पावडर लावून ठेव.