गोळी बदलायची का, असं विचारलंस म्हणून

प्रिय मुली,

तुझा मेसेज रात्री साडेबाराला आलेला दिसला आणि आधी रागच आला. तुझ्या प्रकारच्या फिटला जागरण अजिबात चालत नाही, हे तुला मी नव्याने सांगायला नको. मग सकाळी दुकान उघडायच्या आधी तो परत वाचला आणि राग गेला. व्हॅल्प्रोएटच्या गोळीवर चार वर्षं फिट नाही, तरी रडू येतं, ती बदलायची का, असं लिहिलंस. उशीवर केसांचे पुंजके, वाढलेलं चौदा किलो वजन, दोन-दोन महिने लांबणारी पाळी, आणि परवा ऐरोलीच्या ऑफिसात मीटिंगमध्ये चहाचा कप उचलताना सगळ्यांना दिसलेली हाताची थरथर. डॉक्टरांना सांगितलंस, तर ते म्हणाले, "फिट येत नाही ना? मग झालं तर."

हे "मग झालं तर" मी सतरा वर्षं ऐकलं गं.

१९९१ ला मला एप्टॉइन सुरू झाली. फिट थांबल्या, त्याबद्दल त्या गोळीचे उपकार मी आजही मानते. पण हळूहळू हिरड्या सुजायला लागल्या. आधी ब्रश करताना रक्त यायचं, मग हिरडी दातांवर चढली. डेंटिस्टकडे दोनदा कापून घेतली, दोन्ही वेळा परत वाढली. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत मी तोंड उघडून हसलेली नाही. पुढे एकदा तापात फिट आली, तर डोस तीनशेचा थेट चारशे केला गेला. त्या गोळीचं असं असतं, की ती जिरवायची यकृताची ताकद एका मर्यादेपर्यंतच असते. त्यापुढे डोस थोडा वाढवला तरी रक्तातलं प्रमाण भलतंच चढतं. पंधरा दिवसांत मी गोखले रोडवर दुकानांच्या भिंती धरून चालत होते. काउंटरच्या आतल्या बाजूला उभी राहून तीच गोळी विकणारी मी, आणि मलाच हे कुणी समजावलं नव्हतं.

मग चिडून मी जे केलं, ते तू करू नयेस म्हणून हे सगळं लिहितेय. कुणाला न सांगता गोळी अर्धी केली. आठवा दिवस बरा गेला. नवव्या दिवशी ठाणे स्टेशनच्या जिन्यात पडले, गळ्याजवळचं हाड मोडलं. म्हणजे मी आधी नको इतकं सोसलं, आणि मग नको तसं बदललं.

२००८ मध्ये नीट बदल केला. नवी गोळी आधी सुरू, तिचा डोस बसला की जुनी थोडी थोडी कमी. या कामाला चार महिने लागले. नवी होती लेव्हेटिरासेटाम. हिरड्या उतरल्या, पण मी घरात इतकी चिडकी झाले, की मुलगा माझ्याशी बोलायला घाबरायचा. डॉक्टरांनी डोस कमी केल्यावर निवळलं. तेव्हा गोळी बदलली की त्रास संपला, असं समजू नकोस. एक त्रास देऊन दुसरा घ्यायचा असतो. आपल्याला कोणता झेपेल, एवढंच आपल्या हातात.

आता तुझं. तुझी फिट माझ्यासारखी नाही. सकाळी हातातून टूथब्रश उडायचा, आणि परीक्षेच्या जागरणानंतर मोठी फिट आली, हे तू सांगितलं होतंस. या प्रकाराला व्हॅल्प्रोएटइतकं पक्कं दुसरं औषध नाही. २०२१ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासातही लेव्हेटिरासेटाम त्याची बरोबरी करू शकलं नाही. उलट माझी एप्टॉइन किंवा टेग्रिटॉल ही फिटची दुसरी गोळी तुला दिली, तर सकाळचे झटके वाढू शकतात. म्हणून ऑफिसातल्या मैत्रिणीला कोणती गोळी मानवली, हे तुझ्या उपयोगाचं नाही. बदलात किंमत आहे, आणि ती खरी आहे.

पण दुसरी बाजूही तेवढीच खरी, आणि ती तुला आजपर्यंत कुणी सांगितलेली दिसत नाही. गरोदरपणात व्हॅल्प्रोएट चालू असेल तर शंभरातल्या साधारण दहा बाळांत जन्मजात व्यंग दिसतं. एरवी हे प्रमाण दोन-तीन असतं. शिवाय तीस ते चाळीस मुलांना पुढे बोलण्यात, शिकण्यात, वाढीत अडचणी येतात. डोस जितका मोठा तितका धोका मोठा. आणि व्यंग बहुतेक पहिल्या काही आठवड्यांतच घडतं, बाईला दिवस गेल्याचं कळायच्याही आधी. तुझी आई म्हणते, "लग्न ठरू दे, मग बघू." इथे मी तिच्याशी स्पष्ट असहमत आहे. बदलाला महिने लागतात आणि त्यानंतर काही महिने स्थिर गेलेले पाहावे लागतात. तू सव्वीस वर्षांची आहेस, फिट चार वर्षं शांत आहेत. हा प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवायची वेळ आत्ताच आहे. मूल हवं की नको हे तू ठरवलेलं नसलं, तरी.

लग्नाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. माझ्या काउंटरवर नव्या नवऱ्या येतात, पट्टीतल्या गोळ्या काढून व्हिटॅमिनच्या बाटलीत भरून मागतात, सासरी कळू नये म्हणून. मग पाहुण्यांच्या गर्दीत डोस चुकतो, आणि फिट मांडवातच येते. हिंदू विवाह कायद्यातून लग्न रद्द करायचं फेफऱ्याचं कारण १९९९ ला काढून टाकलंय. लपवू नकोस.

डॉक्टरांकडे जाताना "मला त्रास होतो" एवढंच घेऊन जाऊ नकोस, ते त्यांच्या दहा मिनिटांत विरून जातं. दोन महिन्यांची वही ने. दर रविवारचं वजन, पाळीच्या तारखा, सकाळी हात झटकला ते दिवस, झोप किती झाली, गोळी किती वाजता घेतली. थरथरणाऱ्या हाताने त्या वहीत एक गोल काढ, हवं तर दर आठवड्याला एक. चार गोल शेजारी शेजारी पाहिल्यावर कोणीही "मग झालं तर" म्हणत नाही.

आणि थेट बदलाआधी एक मधली वाट विचार. डोस थोडा कमी करता येईल का? तुझी गोळी साधी आहे की सावकाश सुटणारी? थरथर आणि केस गळणं बऱ्याचदा डोसवर असतं. पाळीसाठी सोनोग्राफी, शिवाय लिव्हरची आणि प्लेटलेटची तपासणी झाली नसेल तर करून घे. पुढच्या गरोदरपणाच्या दृष्टीने फॉलिक ॲसिडच्या गोळीचंही विचार.

लॅमोट्रिजिन या फिटच्या आणखी एका गोळीचं नाव निघालं तर घाई करू नकोस. व्हॅल्प्रोएट सोबत असताना तिचं रक्तातलं प्रमाण जवळपास दुप्पट होतं, म्हणून सुरुवात अगदी थोड्यापासून आणि वाढ सावकाश, डॉक्टर सांगतील तशीच. अंगावर पुरळ आलं तर त्याच दिवशी फोन, उद्यावर नाही. काहींना तिने सकाळचे झटके वाढतात, तेही वहीत दिसेल. गर्भनिरोधक गोळ्या घेत असशील तर सांगच, त्या तिचं प्रमाण खाली आणतात.

बदलाचे महिने नीट निवड. ऑफिसात रात्रीचं रिलीज असताना नाही, आणि टेंभीनाक्याच्या देवीला रात्र-रात्र जायचं असेल त्या नवरात्रात तर नाहीच. त्या काळात वाशीच्या गाडीला प्लॅटफॉर्मच्या कडेला उभी राहू नकोस, दारात तर नकोच. बाथरूमला आतून कडी लावू नकोस. स्कूटीला हातही लावू नकोस. दोन दिवसांच्या गोळ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेव. चालू फिट थांबवायला नाकात मारायचा मिडाझोलामचा स्प्रे लिहून मिळतो का विचार, आणि आईला तो वापरायला शिकव. फिट पाच मिनिटांहून जास्त चालली तर थेट हॉस्पिटल, हेही तिला सांग. आणि कांदा हुंगवणारा कुणी पुढे आला तर त्याला बाजूला करून तुला फक्त कुशीवर वळवायचं, हेही.

डॉक्टरांना एक प्रश्न मात्र आधीच विचारून ठेव. मधेच फिट आली तर मागे फिरायचं, की नवीनच वाढवायची? याचं उत्तर त्यांच्याकडून कागदावर घे.

शनिवारी दुपारी दुकान बंद असतं. वही घेऊन ये, जायच्या आधी एकदा बसून बघू. आईलाही आण, तिच्याशी मी बोलते.

तुझी,
नौपाड्यातली काकू