आय-९४ वरची तारीख आधी बघा

डॅलसहून एका वाचकाचं पत्र आहे. तीन वर्षं एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर एकाच कंपनीत नोकरी. मंजुरीपत्र आणि पासपोर्टवरचा व्हिसा, दोन्ही ३० सप्टेंबरपर्यंत. एचआर म्हणतं, 'ऑगस्टमध्ये मुदतवाढीचा अर्ज करू.' त्यांचा प्रश्न: त्याआधी पुण्याला जाऊन नवं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नवा व्हिसा, करून यावं का? आणि पत्राच्या शेवटी जाता जाता: 'दिवाळीहून परतलो तेव्हा पासपोर्ट ११ जूनला संपत होता, म्हणून विमानतळावर आय-९४ (कधीपर्यंत राहता येईल हे सांगणारी प्रवेशाची नोंद) त्याच तारखेपर्यंतची मिळाली. पण आता नवा पासपोर्ट काढलाय, त्यामुळे ते मिटलं.'

मिटलेलं नाही. अशी पत्रं मला दर उन्हाळ्यात येतात, आणि कामाची गोष्ट नेहमी शेवटच्या ओळीत असते.

तुमचा अमेरिकेतला मुक्काम किती, हे पासपोर्टवरचा व्हिसा ठरवत नाही; तो फक्त दारातून आत येण्यापुरता. मंजुरीपत्राला आय-९४ जोडलेली असते खरी, पण त्यानंतर तुम्ही देशाबाहेर जाऊन आलात, की परतताना मिळालेली नवी आय-९४ लागू होते. तुमची ११ जूनला संपते. पासपोर्ट बदलल्याने ती आपोआप वाढत नाही. सीबीपीच्या, म्हणजे विमानतळावर प्रवेश देणाऱ्या खात्याच्या, संकेतस्थळावरून दोन मिनिटांत उतरवून घेता येते. दिवाळीपासून ती एकदाही उघडून पाहिली नाहीत, याचं मला नवल वाटतं.

तेव्हा ऑगस्ट विसरा. कंपनीचा मुदतवाढीचा अर्ज, आय-१२९, ११ जूनच्या आत यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याकडे पोचला पाहिजे. नुसता कुरिअरला देऊन भागणार नाही, पोच त्या तारखेआधीची हवी. मुदत संपण्याच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, म्हणजे कंपनीला सबब नाही. अर्ज वेळेत गेला, तर निकाल येईपर्यंत त्याच कंपनीत ११ जूननंतर २४० दिवसांपर्यंत काम करता येतं. ही सवलत नेमकी तुमच्यासारख्यांसाठी आहे, पण तिचं दार अर्ज उशिरा गेला की बंद होतं. १२ जूनपासून तुमचं काम विनापरवाना ठरेल. आवाक्याबाहेरच्या असाधारण कारणासाठी उशीर माफ होऊ शकतो. 'तारीख पाहिलीच नव्हती' हे त्यात बसेल असं मी कुणाला सांगणार नाही.

उशिराची किंमत सध्या फार वाढली आहे. राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्या सप्टेंबर २०२५च्या आदेशातली, नव्या एच-१बी अर्जावरची एक लाख डॉलरची रक्कम इथेच राहून मुदतवाढ मागणाऱ्याला लागत नाही, असं यूएससीआयएसने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. पण मुदतवाढीला तुम्ही अपात्र ठरलात, तर ती लागू शकते. कंपनी ती भरेल का, हे तुम्हीच जाणता.

स्टॅम्पिंगसाठी आत्ता जाऊ नका. डिसेंबर २०२५पासून एच-१बीवाल्यांची समाजमाध्यमं तपासायला लागल्यावर भारतातल्या कितीतरी मुलाखती महिनोन् महिने पुढे गेल्या. लोक सुटीला गेले आणि तिकडेच अडकले. पुन्हा प्रवेश केलात तर आय-९४ दुरुस्त होईल हे खरं, पण वकिलातीच्या वेळापत्रकावर नोकरी टांगायची नाही. विमानतळाच्या डिफर्ड इन्स्पेक्शन कार्यालयात (प्रवेशाच्या नोंदीतल्या चुका दुरुस्त करणारं सीबीपीचं कार्यालय) नवा पासपोर्ट दाखवून तारीख वाढवून मिळते का, ते विचारून बघा. काही ठिकाणी मिळते, काही ठिकाणी वाटेला लावतात. त्या भरवशावर अर्ज थांबवू नका.

पत्नीबद्दल तुम्ही लिहिलेलं नाही. त्या एच-४वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असतील, तर त्यांची आय-९४ वेगळी, तारीखही वेगळी असू शकते, आणि कंपनीचा अर्ज त्यांना लागू होत नाही. त्यांचा मुदतवाढीचा अर्ज, आय-५३९, स्वतंत्र भरावा लागतो.

एचआरला आजच आय-९४ची प्रत जोडून मेल पाठवा, आणि अर्जाचा मसुदा मागून घ्या. सध्याचा मुक्काम कधी संपतो या रकान्यात ३० सप्टेंबर लिहिलेलं दिसलं, तर तो अर्ज तसाच जाऊ देऊ नका.